प्रश्न तुमचे: अकरा जणांची मसाई मारा सफारी

प्रश्न : मुलुंडच्या आमच्या सोसायटीतले अकरा जण ऑगस्टमध्ये केनियाला जाणार आहोत. दोघे पासष्टीपुढचे आहेत. तयारी कशापासून सुरू करावी?

उत्तर : विमानाच्या तिकिटांआधी यलो फीव्हरच्या लशीचं बघा. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. ते नसेल तर परतल्यावर मुंबई विमानतळावरूनच सहा दिवस विलगीकरणात जावं लागू शकतं. साठीनंतर या लशीचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका थोडा वाढतो, अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनाही जपावं लागतं. म्हणून त्या दोघांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लस न घेता जायचं ठरलं तर लशीतून सूट दिल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालेल का, हे लेखी विचारून ठेवा.

गाड्या दोन घ्या, सहा आणि पाच. एजंट सात जण बसवतो, पण मग एकाला खिडकी मिळत नाही आणि तिसऱ्या दिवशी कुरबुर सुरू होते. करारात ‘प्रत्येकाला खिडकी’ आणि ‘उघडणारं छप्पर’ लिहून घ्या. मसाई मारा अभयारण्याचं प्रवेश शुल्क पॅकेजमध्ये आहे ना, तेही तपासा. जुलै ते डिसेंबर परदेशी प्रौढाला दिवसाला २०० डॉलर पडतात. स्वस्त पॅकेजची मेख बहुधा इथेच असते.

नैरोबीहून छोट्या विमानाने जाणार असाल तर माणशी साधारण १५ किलो, तेही मऊ बॅगेत. चाकांच्या कडक सुटकेसा नकोत. थेपले-चकल्या जरूर न्या, पण प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगा नकोत, तिथे २०१७ पासून बंदी आहे.