खोली, सहल, सोहळा : वाचकांचे प्रश्न

हॉटेल, पर्यटन आणि इव्हेंट हे तीन वेगळे धंदे आहेत की एकाच धंद्याची तीन नावं?

धंदे वेगळे, गिऱ्हाईक मात्र पुष्कळदा एकच. ३०० जणांची परिषद घ्या. मंच, ध्वनी, नोंदणी हे इव्हेंटवाल्यांचं काम; खोल्या आणि जेवण हॉटेलचं; विमानतळावरून आणणं आणि नंतरची दोन दिवसांची सहल टूर ऑपरेटरची. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेच्या व्याख्येनुसार नेहमीचा परिसर सोडून वर्षाहून कमी काळासाठी, तिथे नोकरी न करता गेलेला माणूस मुक्कामाला राहिला की पर्यटक ठरतो. म्हणजे परिषदेचा पाहुणाही त्यात आला. तिघांचा मालही सारखाच नाशवंत : आज रिकामी राहिलेली खोली, बसमधली जागा किंवा सभागृहाची तारीख उद्या विकता येत नाही.

आमचं हॉटेल ८० टक्के भरलेलं असतं, तरी हातात काही उरत नाही. असं का?

कारण तुम्ही भरलेल्या खोल्या मोजताय. १०० खोल्यांपैकी ८० खोल्या ३,००० दराने गेल्या तर २,४०,००० येतात. ६० खोल्या ४,२०० दराने गेल्या तर २,५२,०००, शिवाय २० खोल्यांची सफाई, धुलाई आणि नाश्ता वाचतो. एकूण उत्पन्नाला हॉटेलातल्या सगळ्या खोल्यांनी भागा, रिकाम्याही धरून. पहिल्या दिवशी २,४०० येतात, दुसऱ्या दिवशी २,५२०. धंद्यात याला रेव्हपार म्हणतात, आणि रोज पाहायचा आकडा तो.

आता कमिशन. त्या ८० पैकी ४० खोल्या बुकिंगच्या संकेतस्थळावरून २० टक्के कमिशनने आल्या असतील, तर २४,००० तिथेच गेले. म्हणून दर नेहमी कमिशन वजा करून लिहावा. शेवटच्या क्षणी दर पाडायची सवय तर त्याहून महाग पडते, कारण नेहमीचे पाहुणेही मग थांबून बुकिंग करायला शिकतात.

२०० जणांचं बसून जेवण आहे. सभागृह केवढं हवं? बुफेला रांग लागू नये म्हणून काय करावं?

पाच फूट व्यासाच्या गोल टेबलाभोवती आठजण ऐसपैस बसतात, दहाजण कोपराला कोपर लावून. आठच्या हिशेबाने २५ टेबलं लागतील. माणशी साधारण १२ चौरस फूट धरले तर २,४०० चौरस फूट झाले. मंच आणि बुफेची जागा त्यात नाही. ‘क्षमता ४००’ असं कुणी सांगितलं की मांडणी कोणती ते विचारा. तो आकडा बहुधा नुसत्या खुर्च्यांच्या रांगांचा असतो, आणि खुर्च्यांना माणशी सात-आठ चौरस फूट पुरतात.

रांगेचं गणित सोपं आहे. मिनिटाला चारजण पुढे सरकले तर २०० जणांना ५० मिनिटं लागतात. टेबल भिंतीला न टेकवता दोन्ही बाजूंनी खुलं ठेवलं की २५. ताटं सुरुवातीला, चमचे आणि रुमाल शेवटी ठेवा, म्हणजे वाढून घेताना हात मोकळे राहतात. समोर करून द्यायचे पदार्थ मुख्य रांगेत नकोतच. एका माणसासाठी सगळे खोळंबतात.

बुफेच्या भांड्याखालचा दिवा अन्न गरम ठेवतो, गरम करत नाही. इथेच बरेचजण चुकतात. पदार्थ वाफाळताच भांड्यात यायला हवा आणि ६० अंश सेल्सियसच्या वर राहायला हवा. थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली. स्वयंपाकघरात उरलेलं ठेवायचं असेल तर दोन तासांत २१ अंशांपर्यंत आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांपर्यंत उतरवा. खोल पातेल्यात ते होत नाही, पसरट ट्रे घ्या.

पक्की संख्या तीन दिवस आधी, लेखी घ्यावी.

चादरी विकत घेतो, तरी कमीच पडतात.

पलंगामागे किमान तीन संच हवेत : एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. ४० खोल्या, प्रत्येकी दोन पलंग, म्हणजे २४० संच. धुलाई बाहेर जात असेल तर चार संच धरा. तरीही कमी पडल्या तर पुसायची फडकी मोजा. फडकी नसली की कर्मचारी टॉवेल आणि चादरींनीच फरशी पुसतात. रद्द झालेल्या चादरी फाडून, वेगळ्या रंगात रंगवून फडकी करा.

खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेणं ही फसवणूक नाही का?

हिशेबाने घेतलं आणि चुकल्यास भरपाई केली, तर आम्ही तिला फसवणूक म्हणणार नाही. सरासरी पाचजण येत नसतील तर पाच जादा बुकिंग घेऊ नका, दोन-तीनच घ्या. सरासरी पाच म्हणजे काही रात्री एकच गैरहजर असतो. अंदाज चुकला तर तोडीच्या किंवा वरच्या दर्जाच्या हॉटेलात खोली, तिचं भाडं आणि तिथवरची गाडी हा खर्च आपला. लहान मुलं सोबत असलेल्यांना किंवा वयस्करांना हलवू नये. एका रात्रीसाठी एकटा येणारा पाहुणा निवडावा आणि त्याला संध्याकाळीच फोन करावा, सामान घेऊन काउंटरवर उभा राहिल्यावर नव्हे.