मुख्याध्यापकांनी अध्यापनात तंत्रज्ञान रुजवायला सुरुवात कुठून करावी?

स्मार्ट बोर्ड बसले, टॅब्लेट आले, तरी शिक्षक वापरत नाहीत, असं तुम्ही म्हणता. मग आणखी खरेदी करून काही होणार नाही.

आधी स्वतः वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसा. फळ्यावरचाच मजकूर स्लाइडवर आला असेल, तर बदललं काहीच नाही. अध्यापनात तंत्रज्ञान किती खोलवर वापरलं जातं हे पायऱ्यांनी मांडणारा शिक्षणतज्ज्ञ रुबेन पुएन्तेदुरा यांचा ‘सामर’ (SAMR) आराखडा आहे; त्यात ही सर्वांत खालची पायरी, नुसती अदलाबदल. पण भूमितीच्या तासाला मुलं जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोणाचा शिरोबिंदू इकडेतिकडे ओढतात, कोन बदलत राहतात आणि बेरीज मात्र १८० अंशच येते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात, तेव्हा यंत्र कामाला आलं म्हणायचं. असा एक तास सापडला की तो घेणाऱ्या शिक्षिकेलाच तो इतर शिक्षकांना करून दाखवू द्या. बाहेरच्या तज्ज्ञाच्या दिवसभराच्या प्रशिक्षणापेक्षा हे जास्त टिकतं, असं माझं मत.

त्यासाठी वेळापत्रकात आठवड्याला एक तास मोकळा ठेवा, मधल्या सुट्टीतला नव्हे. वाय-फाय, चार्जिंगची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या. आणि हो, शिक्षकांना ‘डिजिटल व्हा’ सांगून तुम्ही अजून सूचनावहीच सह्यांसाठी फिरवत असाल, तर आधी ती बंद करा.