कादंबरीतून गणित शिकवायचंय? आधी गणिताची शिक्षिका हो

प्रश्न : मी पुण्यात एस.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय गणित. वाचनाचं प्रचंड वेड आहे. नववी-दहावीच्या मुलांना किशोरांच्या कादंबऱ्यांमधून गणित शिकवावं, असं फार वाटतं. बाबा म्हणतात, अशी नोकरी कुठे नसते, डेटा सायन्सला जा. काय करू?

उत्तर : बाबांचं एक म्हणणं खरं आहे. अशी जाहिरात कधी येणार नाही. जाहिरात येते ती गणित शिक्षकाची. पण उदाहरणं कुठून घ्यायची, हे वर्गात गेल्यावर शिक्षकच ठरवतो, आणि तिथे तुझ्या वेडाला भरपूर जागा आहे.

एक अट मात्र पाळ. पात्राचं पुढे काय होणार हे गणितावर ठरत असेल, तरच तो उतारा वर्गात ने. फास्टर फेणे फुरसुंगीहून सायकलवर निघाला, त्याचा वेग काढा, हे नेहमीचंच शाब्दिक उदाहरण झालं. फक्त नाव बदललं.

याउलट सुझान कॉलिन्सच्या 'द हंगर गेम्स' (2008) मधली सोडत बघ. जीवघेण्या खेळासाठी चिठ्ठ्या काढून मुलं निवडतात. बाराव्या वर्षी नावाची एक चिठ्ठी पडते, पुढे दरवर्षी एक वाढते. घरात धान्य हवं असेल तर दरवर्षी माणशी एक जादा चिठ्ठी टाकायची, आणि जुन्या चिठ्ठ्या तशाच राहतात. नायिका कॅटनिस घरातल्या तिघींसाठी धान्य घेते, म्हणून तिच्या चिठ्ठ्या सोळाव्या वर्षापर्यंत 4, 8, 12, 16, 20 अशा वाढतात. दहावीची अंकगणित श्रेढी झाली. तिचा मित्र गेल 18 वर्षांचा, त्याच्या 42. मुलं लगेच म्हणतील, गेलला दुपटीहून जास्त धोका. तिथेच विचार : चिठ्ठ्या एकाच भांड्यात आहेत का? मुलींचं भांडं वेगळं, मुलग्यांचं वेगळं. नमुना अवकाशच (म्हणजे शक्य निकालांचा संच) निराळा, मग 42 आणि 20 ची थेट तुलना कशी करणार? धाकट्या बहिणीची एकुलती एक चिठ्ठी मात्र कॅटनिसच्याच भांड्यात आहे. तिथे एकूण चिठ्ठ्या माहीत नसल्या तरी कॅटनिसची शक्यता 20 पट आहे, हे ठामपणे सांगता येतं. संभाव्यतेतला छेद इतक्या आतून समजावणारं उदाहरण मला तरी फार आवडतं. आणि गरीब घरच्या मुलांच्याच चिठ्ठ्या जास्त का, हा प्रश्न वर्गात निघाला तर दाबू नकोस.

गोष्ट हिंसक आहे, तेव्हा नववीच्या खाली नको. मराठी माध्यमात उतारा तूच मराठीत सांग. प्रत्येक धड्याला कादंबरी सापडणार नाही. वर्गसमीकरणं फळ्यावरच सोडवावी लागतील. वर्षात दोन-तीन तासिका अशा जमल्या तरी पुष्कळ.

आता वाट. पदवीला चांगले गुण मिळव, मग राज्य सीईटी कक्षाची बी.एड. प्रवेश परीक्षा दे. सध्या हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. अध्यापन पद्धतीत गणित घे. त्यात किमान 20 आठवडे शाळेत काम करावं लागतं; तुझे पाठ तिथेच घासूनपुसून घे. अनुदानित शाळेसाठी शिक्षक अभियोग्यता चाचणी आणि राज्याचं शिक्षकभरतीचं 'पवित्र' पोर्टल. सहावी ते आठवीला शिकवायचं तर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षाही हवी. ही भरती वेळेवर होईलच असं नाही, हे घरी आत्ताच सांगून ठेव. खासगी शाळा थेट मुलाखत घेतात, डेमो पाठ बघतात, आणि तिथे असा पाठ उठून दिसतो. बाबांना हेही सांग की गणिताची पदवी हातात असली की डेटा सायन्सचं दार बी.एड.मुळे बंद होत नाही, एम.एस्सी. केलीस तर कनिष्ठ महाविद्यालयही खुलं होतं.

तोवर दिवाळीच्या सुट्टीत सोसायटीतली नववी-दहावीची पाच-सहा मुलं जमव आणि ही सोडत घेऊन बघ. दोन डबे ने, चिठ्ठ्या मुलांकडूनच लिहून घे, आणि एकूण चिठ्ठ्या किती हे कुणी विचारेपर्यंत आपणहून सांगू नकोस.