प्रॉप डेस्कवर (फर्मच्या स्वतःच्या पैशाने ट्रेडिंग करणाऱ्या टीममध्ये) नवीन ट्रेडर शिकवणाऱ्या सीनियरला पैसे कसे द्यावेत?

फिक्स पगारात 'जरा पोरांकडेपण बघ' म्हणून भागवलं तर कोणी शिकवत नाही, सव्वानऊला मार्केट उघडलं की सीनियर स्वतःच्या स्क्रीनमध्ये बुडालेला असतो, त्याचा बोनस तिथूनच येतो ना. त्यामुळे थोडा फिक्स भत्ता आणि वर ज्युनियरच्या नफ्यातला छोटा हिस्सा, असं असावं. पण हिस्सा नेट नफ्यावर, म्हणजे सगळे चार्जेस वजा करून उरेल त्यावर, ग्रॉसवर अजिबात नको. ऑप्शन विक्रीवरचा एसटीटी (व्यवहारावरचा सरकारी कर) ऑक्टोबर २०२४ मध्ये ०.०६२५ वरून ०.१ टक्का केला, त्या दराने दिवसाला १ कोटीचा प्रीमियम (ऑप्शनची किंमत) विकला तर १० हजार नुसते एसटीटीत जातात, बाकीचे चार्जेस वेगळेच. ग्रॉसवर पैसे दिले तर मेंटॉर पोराला दिवसभर बटणं दाबायलाच शिकवणार.

दुसरं म्हणजे महिन्याच्या महिन्याला हिशोब नको. ज्युनियर निफ्टीचे चालू भावापासून लांबचे ऑप्शन विकून सहा महिने छान हिरवं दाखवतो आणि एका गॅप-डाउनला (मार्केट आदल्या दिवसापेक्षा एकदम खाली उघडलं की) सगळं धुऊन जातं, तोवर मेंटॉर वाटा घेऊन मोकळा! म्हणून निम्मा तरी वर्षभर अडकवून ठेवा आणि आधीचा तोटा भरून निघेपर्यंत नवा हिस्सा सुरू करू नका.

आणि हो, ज्युनियरच्या वाट्यातून कापू नका, फर्मने द्यावा, नाहीतर पोरगं जरा कमवायला लागलं की पहिलं भांडण तिथेच होतं. दोन-तीन वर्षांनी हिस्सा बंद, जन्मभराची पेन्शन कशाला?