23 टक्के की 30? सगळी गफलत एका ‘वर’ची

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेत प्राप्तिकर रद्द करून त्याऐवजी देशभर एकच जबर विक्रीकर लावावा, असा एक प्रस्ताव आहे. एका मराठी लेखात त्याचा दर 23 टक्के दिलाय, दुसऱ्यात 30 टक्के. भाषांतर करणारा चुकला का? आणि जाता जाता, ‘प्राप्तिकर’ बरोबर की ‘आयकर’?

कोणीच चुकलेलं नाही. ‘फेअर टॅक्स’ नावाचं हे विधेयक जॉर्जिया राज्यातले प्रतिनिधी जॉन लिंडर यांनी 1999 साली पहिल्यांदा मांडलं, त्यात आकडा 23 चा आहे. आता बिल करून बघा. वस्तूची मूळ किंमत 100 डॉलर, कर 30, एकूण 130. हे 30 म्हणजे 130 पैकी 23 टक्के. शेकडा नफा काढताना गुरुजी आधी विचारायचे, ‘शंभर कशाला धरलेस?’ इथे तोच प्रश्न आहे. विधेयकाने शंभर धरलेत ते कर मिळवून झालेल्या रकमेला. गिऱ्हाईक शंभर धरतं पाटीवरच्या किमतीला.

समर्थक म्हणतात, प्राप्तिकर आपण असाच तर मोजतो. 100 डॉलर पगारातून 23 कापले, हातात 77 आले, तर त्याला कोणी ‘77 वर 30 टक्के’ म्हणत नाही. विरोधकांचं म्हणणं, अमेरिकेतली राज्यं आपापला विक्रीकर मूळ किमतीवर सांगतात, तेव्हा हाही तसाच सांगा. गणित दोघांचं चोख. पण ‘23 टक्के विक्रीकर’ एवढंच लिहून थांबणाऱ्याने वाचकाला अंधारात ठेवलं, असं मी म्हणेन.

आपल्या मराठीत घोळ घालतो तो ‘वर’. ‘पगारावर कर’ आणि ‘किमतीवर कर’, अव्यय तेच. पहिल्यातला ‘वर’ फक्त कर कशाचा ते दाखवतो, पैसे जातात पगाराच्या आतूनच. दुसऱ्यातला ‘वर’ म्हणजे आणखी, शिवाय. ‘वरखर्च’, ‘वरकमाई’ यांतला. क्रियापदांना मात्र हा फरक बरोबर कळतो. पगारातून कर ‘कापतात’, किमतीवर तो ‘चढतो’. ‘लावणे’ दोन्हीकडे चालतं, म्हणूनच अशा जागी ते टाळावं.

मग लिहायचं कसं? ‘करसमावेशक दर’ वगैरे अवजड शब्द कशाला, ‘कर धरून 23 टक्के, कर सोडून 30 टक्के’ हे बाजारात उभ्या माणसालाही समजतं. किंवा ‘दिलेल्या दर 100 डॉलरपैकी 23 डॉलर कर’. ‘पैकी’ आला की शंका उरत नाही.

याच विधेयकातला आणखी एक शब्द छळतो. गरजेपुरत्या खर्चावर कर पडू नये म्हणून तेवढ्या कराची रक्कम प्रत्येक कुटुंबाला महिन्याच्या महिन्याला आधीच पाठवायची, अशी सोय त्यात आहे. तिला ‘प्रीबेट’ म्हणतात: ‘प्री’ म्हणजे आधी, ‘रिबेट’ म्हणजे परतावा. ‘आगाऊ परतावा’ म्हणावं तर जे अजून घेतलंच नाही ते परत कसं करणार? तरी मी तोच शब्द वापरतो. त्यातला विनोद मूळ शब्दातही आहेच.

‘आयकर’ चुकीचा नाही. ‘आय’ आपल्या ‘आयव्यया’तही आहे. तो शब्द हिंदीच्या वाटेने रुळला, इतकंच. मला ‘प्राप्तिकर’ जवळचा, पण लिहिताना सांभाळा: सुटा शब्द ‘प्राप्ती’ दीर्घ, समासात मात्र तत्सम म्हणून ‘प्राप्ति’ ऱ्हस्व. ‘विक्री’ तत्सम नाही, संस्कृतात तो ‘विक्रय’. त्यामुळे ‘विक्रीकर’ दीर्घच राहतो. एकाच वाक्यात दोन्ही कर आले की मुद्रितशोधक हमखास एकाची वेलांटी बदलून ठेवतो.