रेफरल ग्रुप जॉइन करावा का?

एकमेकांना ग्राहक सुचवणाऱ्या व्यावसायिकांच्या ग्रुपात, म्हणजे रेफरल ग्रुपात, व्हॅल्युअरने (मालमत्तेची किंमत ठरवून देणाऱ्याने) जावं का, असं तू विचारलंस म्हणून स्पष्ट सांगतो. व्हॅल्युअरचं बरंचसं काम बँकांच्या पॅनेलवरून, म्हणजे त्यांनी नेमलेल्या व्हॅल्युअरांच्या यादीवरून येतं, आणि ते ग्रुपच्या सकाळच्या मीटिंगला मिळत नाही. तरी पाहुणा म्हणून एकदा जाऊन ये. बीएनआय या रेफरल नेटवर्कच्या ग्रुपांसारख्या ग्रुपात एका व्यवसायाचा एकच सदस्य घेतात, त्यामुळे जागा रिकामी आहे का ते आधी विचार. मग सीए आणि वकील किती आहेत ते मोज. वाटणीसाठी किंवा व्हिसासाठी मालमत्तेचं मूल्यांकन, भांडवली नफ्याच्या करासाठी जुन्या मालमत्तेची 1 एप्रिल 2001 ची किंमत, ही खासगी कामं त्यांच्याकडूनच येतात. जुळे सोलापुरातलं माझं पहिलं वाटणीचं काम एका वकिलानेच दिलं. अक्कलकोट रोडच्या यंत्रमागवाल्यांची कामंही येतील, पण मशिनरीच्या मूल्यांकनासाठी व्हॅल्युअरची नोंदणी वेगळी असते, हे विसरू नकोस. आणि रेफरल देणारा बिल्डर किमतीचा आकडा वाढवून मागेल. तिथे सरळ नाही म्हण, फी बुडाली तरी चालेल.