आधी पोट जमिनीला टेकव

अरे, पक्ष्यांचे फोटो काढायचेत ना? मग नवी लेन्स नंतर घे, आधी पोट जमिनीला टेकवायला शीक. डिसेंबरात निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात चापडगावच्या काठावर संध्याकाळी साडेचारलाच पोच, सूर्य पाठीशी राहील अशी जागा धर आणि गप्प पडून राहा. शेकाट्याच्या, म्हणजे त्या लांब पायांच्या पाणपक्ष्याच्या, मागे धावलास तर नुसते पाठमोरे फोटो मिळतील. तो चरत चरत आपणहून जवळ येतो. एकदा इतका जवळ आला, की त्याच्या गुलाबी पायाला चिकटलेला ओला चिखल दिसला, आणि मी बटण दाबायचंच विसरलो! फोकस डोळ्यावर ठेव. शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या आसपास. उजेड उतरला की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, बिनधास्त ३२०० कर. त्यानं फोटोत बारीक ठिपक्यांसारखे दाणे दिसले तरी चालतात, हललेला डोळा नाही चालत. निफाडची थंडी आहे, कानटोपी विसरू नकोस.